थेंब ओघळतोय? पाण्यात ग्लिसरीन मिसळा
पानावरच्या थेंबाचा जवळून फोटो घ्यायला जावं, तर फोकस जुळेपर्यंत तो ओघळतो, नाहीतर सुकतो.

१. ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळा. ड्रॉपरने पानाच्या टोकाशी एकच थेंब सोडा. तो बराच वेळ टपोरा राहतो.

२. थेंबामागे थोड्या अंतरावर एखादं फूल उलटं धरा. थेंब भिंगासारखा प्रतिमा उलटी करतो, म्हणून आत इवलंसं फूल सुलट दिसतं, अगदी पाकळ्यांसकट! फोकस थेंबाच्या कडेवर नको, त्या आतल्या फुलावरच हवा. खरं सौंदर्य तिथंच आहे.

३. फ्लॅश बंद. खिडकीतला उजेड बाजूने येऊ द्या.

ग्लिसरीन चिकट असतं, लेन्सला लागू देऊ नका. फोटो झाले की पान ओल्या कापसाने पुसून घ्या.