रोहित पाहायला निघताय? आधी भरतीची वेळ बघा

ठाणे खाडीवर फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, पाहायला जायचं तर सगळ्यात आधी भरतीची वेळ काढा. दुर्बीण, टोपी, डबा ही सगळी जमवाजमव नंतर. एका फेब्रुवारीत आम्ही लहान मुलं आणि सासूबाईंना घेऊन पहाटे निघालो आणि आठच्या ठोक्याला शिवडीच्या जेटीवर उभे राहिलो. समोर नुसता चिखल. पार लांब, पाण्याच्या कडेला एक फिकट गुलाबी रेघ दिसत होती. तेच रोहित. सासूबाईंना दुर्बिणीतूनही धड दिसले नाहीत, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे. त्या दिवशी तृतीया होती, दिनदर्शिका घरात भिंतीवर होती, आणि मी ती पाहिली नव्हती.

भरतीच्या वेळेचा हिशोब कोळीवाड्यातल्या पोरालाही येतो: तिथीची पाऊणपट. तृतीयेला तीनचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. आम्ही नेमके तेव्हाच पोहोचलो होतो. हा अंदाज झाला. नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं हेही धरा. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा गेल्या रविवारी मित्राला कधी दिसले हे विचारून निघू नका. त्याची वेळ तुमच्या कामाची नाही.

एवढं का सांगतेय? रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखलपाण्यातून खाणं गाळून घेतात. पाणी ओसरलं की ते पाण्यामागोमाग आत जातात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. काठावरून बघायचं तर पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जाऊन थांबा. भरती पूर्ण झाली की चिखल बुडतो आणि बरेचसे थवे उडून नेरूळकडच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जायचं असेल तर उलट, बोटीला पाणी लागतं, म्हणून फेऱ्या भरतीच्या आसपासच असतात. आधी आरक्षण करा, आणि ते करतानाही सुट्टीचा वार पाहण्याआधी भरती पाहा.

हंगाम साधारण डिसेंबर ते मे. पाऊस लागला की बहुतेक निघून जातात, त्यामुळे जूनमध्ये मुलांना घेऊन जाऊ नका, हिरमुसतील. बहुसंख्य छोटे रोहित असतात, त्यांची चोच गडद लाल-काळी. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी, टोक तेवढं काळं. मुलांना हे घरूनच सांगून ठेवा, म्हणजे तिथे नुसतं 'गुलाबी, गुलाबी' न करता ती चोची बघतात. शेकाट्या, उचाट्या, कुरव आणि सुरय या पाणपक्ष्यांकडेही लक्ष असू द्या. तुमचं नशीब असेल तर खारफुटीच्या कडेला कोल्हा दिसेल.

दुर्बीण दोघांत एक तरी हवीच. कपडे मातकट रंगाचे. चिखलात उतरू नका, वरून घट्ट वाटतो आणि गुडघ्यापर्यंत आत घेतो. फोटोसाठी थवा उडवायला टाळ्या वाजवणाऱ्यांना मी तिथल्या तिथे अडवते, तुम्हीही अडवा. खाणं सोडून उडायला लावलं की त्या पक्ष्याची ती भरती वाया जाते. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. खारफुटीत मनाला येईल तिथे शिरायचं नाही.

पाणी, टोपी, मुलांसाठी खाऊ, हे तुम्हाला कळतंच. कचरा परत आणा. मोबाइल चार्ज करा.

आणि निघायच्या आदल्या रात्री तिथी बघा. पाऊणपट करा. मग गजर लावा.