तुर्की कॉफी: पूड वस्त्रगाळ, आच मंद

तुर्की कॉफी गाळत नाहीत. पूड पाण्यासोबत कपात उतरते आणि तळाशी बसते, म्हणून निम्मं काम पुडीतच होतं. बाजारातली फिल्टर कॉफीची पूड इथे चालत नाही. ती भरड असते आणि तिच्यात बहुतेक वेळा चिकोरी असते. भरड पुडीचा फेस धरत नाही, चव पाणचट लागते; चिकोरीमुळे कॉफी गढूळ होते.

चिकोरी नसलेल्या, मध्यम भाजलेल्या अरेबिका बिया घ्या. चिकमगळूरच्या सहज मिळतात; चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, तिकडून कुणी येणार असेल तर मागवून ठेवावी. पूड एस्प्रेसोपेक्षाही बारीक हवी, चिमटीत चोळली तर कण लागता कामा नये. घरचा मिक्सर एका दमात इतकं बारीक दळत नाही. लहान भांड्यात ३० ग्रॅम बिया टाका, दहा-दहा सेकंद फिरवून थांबा, भांडं गरम होऊ देऊ नका. मग मलमलच्या फडक्यातून चाळा आणि वर उरलेलं पुन्हा दळा. वेळखाऊ आहे, पण याला पळवाट नाही. दळलेली पूड हवाबंद डब्यात ठेवून आठवड्यात संपवा. नागपूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेल्या पुडीचा वास फार लवकर उडतो, तेव्हा दोन-तीन दिवसांपुरतीच दळलेली बरी.

भांड्याला जेझवे म्हणतात: बूड रुंद, गळा अरुंद, दांडा लांब. अरुंद गळ्यात फेस दाटून राहतो. एका कपासाठी १०० मिलीचं पुरतं; मोठ्या भांड्यात एकच कप केला तर फेस पसरून विरतो. दूध तापवायच्या छोट्या गंजात कॉफी होईल, फेस मात्र जेमतेम. जेझवे तांब्याचं असेल तर आतून कल्हई हवीच, आणि ते साध्या इंडक्शनवर चालत नाही. गॅसच्या लहान शेगडीवर त्याचं बूड टेकत नाही, म्हणून खाली पापड भाजायची जाळी ठेवा.

प्रमाण, एका कपाला
पाणी ६५-७० मिली (ज्या कपातून प्यायची त्यानेच मोजा), पूड ७ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन शिगोशीग चमचे. साखर आधीच विचारून घ्यायची, कारण ती पाण्यासोबतच पडते. नंतर ढवळलं की बसलेला गाळ वर येतो. बिनसाखरेची ‘सादे’, मध्यम गोड ‘ओर्ता’ (एक चमचा), भरपूर गोड ‘चोक शेकेरली’ (दोन). दूध नाही.

पाणी गार हवं. मे महिन्यात टाकीचं पाणी नळातूनच कढत येतं, ते घेऊ नका, माठातलं घ्या. बोअरच्या जड पाण्याने चव मठ्ठ होते.

पाणी, साखर, पूड एकत्र करा आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. मग चमचा बाजूला ठेवा, परत ढवळायचं नाही. सगळ्यात मंद आचेवर तीन ते चार मिनिटं लागतात. आधी कडेने गडद कंगोरा दिसतो, मग कडेचा फेस मधल्या भागाकडे सरकतो आणि घुमटासारखा वर चढायला लागतो. इथे नजर हलवू नका. फेस गळ्याशी आला, पण मधोमध फुटला नाही, त्या क्षणी भांडं उचला. थोडा फेस चमच्याने कपात घाला, भांडं पुन्हा आचेवर धरा, दुसऱ्यांदा चढला की कपाच्या कडेने हळू ओता. खळखळ उकळली की फेस मोडतो आणि कॉफी कडवट होते.

फेस आलाच नाही, तर पूड शिळी किंवा जाड आहे. आला आणि ओतताना गेला, तर उंचावरून ओतली. दीड मिनिटातच उतू आली, तर आच मोठी होती आणि अर्क पुरता उतरलेला नाही. काही ठिकाणी फुटाणेवाल्यासारखी वाळू तापवून तिच्यात जेझवे रोवतात. उष्णता चहूबाजूंनी लागते, पण एक-दोन कपांसाठी घरी वाळू तापवणं म्हणजे निव्वळ हौस.

प्यायच्या आधी दोन-तीन मिनिटं थांबा, गाळ बसू द्या. सोबत पाण्याचा पेला असतो, पहिल्या घोटाआधी तोंड स्वच्छ करायला. तुर्कीत लोकुम (साखर आणि स्टार्चची मऊ मिठाई) ठेवतात. आपल्याकडे संत्रा बर्फीचा लहान तुकडा छान जमतो. तर्री पोह्यांसोबत मात्र नको, तिखटाने जीभ बधिर झाली की कॉफीत काही उरत नाही. शेवटचा घोट कपातच सोडायचा असतो. तो कप बशीवर पालथा घालून, गार झाल्यावर गाळाच्या नक्षीवरून भविष्य सांगायची तिकडे रीत आहे.

ओटोमन इतिहासकार पेचेवी लिहितो की इस्तंबूलमधली पहिली कॉफीघरं १५५४-५५ च्या सुमारास अलेप्पोच्या हकम आणि दमास्कसच्या शम्स या दोघांनी ताहताकाले भागात काढली. २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्याकडे मुलगी पाहायला गेलं की पोहे येतात, तिकडे मागणी घालायला आलेल्यांना मुलगी कॉफी देते. नवऱ्या मुलाच्या कपात मुद्दाम मीठ घालते आणि तो ती तोंड वाकडं न करता पितो का, हे सगळे बघतात.

जेझवे कोमट पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा. तारेच्या घासणीने कल्हई खरवडते. रिकामं भांडं आचेवर विसरू नका, कल्हईचं कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आतून तांबूस डाग दिसू लागले की ते वापरणं थांबवा आणि पुन्हा कल्हई करून घ्या.