तळं आटलंय तोवर नको ते मासे काढून घ्या

मृग तोंडावर आलाय, शेततळ्यात गुडघाभर पाणी उरलंय, हीच वेळ आहे बघा. एकदा तळं भरलं की आत कोण शिरलंय ते दिसत पण नाही आणि काढता तर येतच नाही.

माझंच सांगतो. मागच्या साली उजनीच्या बॅकवॉटरवरनं मोटरनं पाणी ओढलं, पाइपाच्या तोंडाला जाळी बांधायचा कंटाळा केला आणि वरनं कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून मोकळा झालो. दिवाळीनंतर जाळं ओढलं तर निम्मी पाटी चिलापी (तिलापिया), ती पण तळहाताएवढीच, व्यापारी हात लावंना. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून सांभाळते आणि दोन-तीन महिन्याचं पोर लगेच अंड्यावर येतं, त्यामुळं एक जोडी आली की संपलं. खाद्य आपण टाकतो कटल्याला, जेवतंय भलतंच.

तर आता काय करायचं. पाणी पूर्ण आटवून तळ उन्हात तडकेपर्यंत वाळवता आला तर त्यासारखं दुसरं काही नाही, कारण मांगूर (बाहेरनं आलेला, आपल्या देशी मागूरपेक्षा वेगळा) आणि सकर मासा (टाकीत पाळतात तो काच चाटणारा) हवेतला श्वास घेऊन चिखलात दबा धरून बसतात. मातीचं तळं असंल तर काठाला बिळं दिसतात का बघा, सकर बिळातच अंडी घालतो. वाळवणं जमत नसंल तर मासे मारायला मोहाची पेंड टाका, घनमीटरला २५० ग्रॅम. माझं तळं वर ३० बाय ३० मीटर, पण उतारामुळं तळाला २१ बाय २१ भरतं, फूटभर पाण्याला साधारण ३५ किलो पेंड बसते. रात्री भिजवून सकाळी सगळीकडं पसरा, मासे तरंगायला लागले की जाळ्यानं काढा, खायला चालतात. जनावरं मात्र पाण्यावर सोडू नका. नवं बीज सोडायला तीन आठवडे थांबा आणि आधी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत) चार-पाच बोटुकली रात्रभर ठेवून बघा, जगली तरच बाकीची.

पाणी घेताना पाइपाला बारीक नायलॉन जाळीची पिशवी बांधाच, रोज झाडावी लागते, ताप आहे पण दुसरा इलाज नाही. मांगूर कुणी देशी मागूर म्हणून स्वस्तात द्यायला लागला तरी नको, देशात २००० सालापासून बंदी आहे त्याच्यावर आणि आपलं बीज तर तो गिळतोच.

आता माशाच्या अंगाला चिकटणाऱ्या उवा. अर्गुलस म्हणतात त्याला, मसुराच्या डाळीएवढी चपटी पारदर्शक, पाण्यात असताना दिसत नाही, मासा हातात घेऊन उन्हाकडं तिरपा धरला की पंखाच्या मुळाशी सरकताना दिसते. मासे काठाला अंग घासतात, मधनंच उड्या मारतात, अंगावर लाल ठिपके येतात, असं काही दिसलं की आठवड्याला पाच-सहा मासे पकडून बघत जा. तळ्यात चार-पाच बांबू उभे रोवा, उवा त्याच्यावर अंडी चिकटवतात, दर आठवड्याला काढून खरवडून वाळवा. औषध मारलं तरी अंडी मरत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांनी परत तोच तमाशा, आणि कीटकनाशकाचा डोस शेजाऱ्याला विचारून टाकू नका, मत्स्य विभागाच्या माणसाला विचारा. बोटुकली आणली की १० लिटर पाण्यात २००-३०० ग्रॅम मीठ, दोनेक मिनिटं बुडवायची, आडवी व्हायला लागली की लगेच बाहेर.

एवढा आटापिटा का, तर अमेरिका-कॅनडाच्या ग्रेट लेक्समध्ये लॅम्प्री नावाचा रक्त पिणारा मासा घुसला, १९२१ ला एरी तलावात सापडला, १९५८ पासून त्याची पिल्लं मारायला नद्यांमध्ये औषध सोडतायत आणि तो अजून तिथंच आहे. आपलं तळं निदान आटतं तरी.

आणि काढलेला सकर किंवा मांगूर बॅकवॉटरला परत टाकू नका, खड्डा घेऊन पुरा. दुसऱ्याचं जाळं मागून आणलं असंल तर दोन दिवस उन्हात वाळवूनच पाण्यात घाला.