तुटाळ पडली? आधी उकरून बघा

चाऱ्याच्या रानात तुटाळ, म्हणजे पिकात मध्येच रोपांविना मोकळी जागा, दिसली की बहुतेकांचा हात आधी फवारणी पंपाकडे जातो. माझा खुरप्याकडे जातो. मोकळ्या जागेतली माती उकरली की दोष किडीचा की पेरणीचा, ते तिथंच कळतं.

बी कोरडंच पडलेलं असेल तर ओल कमी पडली. कोंब पांढरा पडून मातीखालीच वेडावाकडा अडकला असेल तर बी खोल गेलंय, नाहीतर वर पापुद्रा धरलाय. पापुद्रा हलक्या पाण्यानं मऊ पडतो. खोल गेलेल्या बियाला मात्र इलाज नाही. लसूणघासाच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५०० बिया बसतात. एवढ्याशा दाण्यात शिदोरी ती किती? १ ते १.५ सेंटिमीटरच्या खाली घालूच नका. पेरणीआधी रानात चालून बघा, टाच भसकन रुतली तर बी खोल जाईल; अजून एकदा फळी फिरवून माती दाबा.

आता किडी. रोप जमिनीलगत कापून आडवं पडलंय? त्याच्या बुडाशी बोटभर माती बाजूला सारा. अंगाचं वेटोळं करून पडलेली मातकट, गुबगुबीत अळी सापडेल. ती दिवसा मातीत दडते आणि रात्री रोपं कुरतडते, त्यामुळे भर उन्हातली फवारणी वाया जाते; करायचीच तर संध्याकाळी करा. तण पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीच काढून टाकलं तर अळ्यांची उपासमार होते. पानांवर चकाकणारा चिकट माग दिसला तर ती गोगलगाय. ओलं गोणपाट रात्री पसरा आणि सकाळी खालच्या गोळा करा, बस.

ज्वारीत मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, वाळला आणि ओढताच अलगद हातात आला, बुडाला कुजका वास आला, तर खोडमाशी. अळी आत बसलेली असते, त्या रोपावर औषध मारून पैसे घालवू नका. तिचा बंदोबस्त पेरतानाच होतो: वेळेवर पेरणी, बीजप्रक्रिया (बियाला आधी औषध चोळणं) आणि बी थोडं जास्त. उगवणीनंतरचा पहिला महिना तिचा. तो निभावला की पीक सावरतं. दाट रोपं विरळताना उपटलेली कोवळी ज्वारी मात्र जनावरांपुढे टाकू नका, तिच्यात विषबाधा करणारं सायनाइड तयार होतं.

नांग्या, म्हणजे या मोकळ्या जागा, पुन्हा पेरून लवकर भरा. वर्षभर जुन्या लसूणघासात पुन्हा त्याचंच बी टाकणं फुकट; जुन्या झाडांतून उतरणारी द्रव्यं नव्या रोपांना वाढू देत नाहीत. पिवळे दोरे दिसले तर ती अमरवेल. फुलायच्या आत घासासकट उपटून जाळा, तिचं बी मातीत दहा वर्षांहून जास्त तग धरतं.

फवारलं असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस संपल्याशिवाय चारा कापू नका. आणि जनावरं सोडण्याआधी चार-सहा ठिकाणी पाला मुठीत धरून हिसका द्या. पाला तुटला तर सोडा. मुळासकट रोप आलं तर अजून थांबा.