इंद्रलाल रॉय यांची हवाई लढत रंगवताय? या चुका टाळा

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेले भारतीय वैमानिक रॉय यांचं विमान समोर, आणि त्यांच्या बंदुकीच्या माऱ्यात लालभडक ट्रायप्लेन, म्हणजे तीन मजली पंखांचं विमान. हे चित्र इतक्या वेळा बघितलंय की आता हात जोडावेसे वाटतात. लाल ट्रायप्लेनवाला जर्मन वैमानिक रिख्तहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला. रॉय यांचे दहाही विजय त्यानंतरचे, ६ ते १९ जुलै १९१८ या काळातले. विचारलं की उत्तर ठरलेलं: 'सर, लाल उठून दिसतो.'

रॉय यांच्या वाट्याला आली ती मुख्यतः हॅनोव्हर ही जर्मन दोन आसनी विमानं, शिवाय फॉकर डी-७ वगैरे. हॅनोव्हरची शेपटी दुमजली असते. शेपूट आखूड ठेवून मागच्या बंदूकधाऱ्याला मारा करायला मोकळी जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. म्हणजे पाठलाग करणाऱ्या रॉय यांच्यावर सरळ बंदूक रोखून बसलेला माणूस चित्रात आयता मिळतो. एवढं नाट्य सोडून लाल रंगामागे का धावायचं? मी आधी लढाईची तारीख कागदावर लिहितो, त्या दिवशी समोर कोण होतं ते शोधतो, मगच पेन्सिल उचलतो. जर्मन विमानांवरचा क्रॉसही तारखेनुसार बदलतो: जुलै १९१८ मध्ये तो सरळ भुजांचा होता, टोकांकडे रुंदावणारा जुना क्रॉस नव्हे.

दुसरी चूक जुन्या फोटोंवर आंधळा विश्वास ठेवण्याची. एका होतकरू चित्रकारानं मोठा कॅनव्हास आणून दाखवला. पंखावरच्या ब्रिटिश चक्राची बाहेरची कडी फिकट राखाडी, मधला ठिपका जवळजवळ काळा, आणि वर जुलैचं आकाश पांढरंफटक, ढगाचा मागमूस नाही. 'फोटोत असंच आहे.' होतं खरं तसंच! त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तो काळा उमटे. निळा मात्र फिकट उमटे आणि निळ्या आकाशातले ढग त्यात विरून जात. चक्र खरं निळं-पांढरं-लाल, बाहेरून आत या क्रमानं. बिचाऱ्यानं वॉर्निशसुद्धा मारलं होतं, त्यामुळे पुढचं बोलणं मी आवरतं घेतलं. माझी सवय साधी आहे: फोटोची प्रिंट काढायची आणि प्रत्येक भागावर पेन्सिलीनं खरा रंग लिहायचा. विमानाच्या वरच्या बाजूचा रंग हिरवट खाकी ते चॉकलेटी तपकिरी यांच्या मधला कुठला तरी. जंगलासारखा हिरवा नको. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी निसर्गचित्रं काढावीत.

संग्रहालयात उभ्या असलेल्या एस.ई.५ए चा, म्हणजे रॉय यांच्या प्रकारच्या विमानाचा, फोटो घेऊन तो नुसता तिरका करणं, हा आणखी एक शॉर्टकट. जमिनीवर एलिव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) लोंबकळलेला असतो. कडक वळणात तो वर उचललेला हवा, कारण वैमानिकानं स्टिक (विमान वळवायचा दांडा) पोटाशी ओढलेली असते. त्याचं डोकंही वळणाच्या दिशेला हवं. नाहीतर विमान दोऱ्यानं टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. पंखांमधल्या तारा विसरू नका, पण सगळ्या सारख्या जाडीच्या नकोत. फिरता पंखा म्हणजे काचेची तबकडी नव्हे. वैमानिकाच्या पाठीवर पॅराशूट रंगवू नका. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ते दिलंच जात नसे.

आणि बंदुका. एस.ई.५ए वर दोन मशीनगन: व्हिकर्स नाकाच्या डाव्या बाजूला, पंख्याच्या पात्यांमधून मारा करणारी. लुईस वरच्या पंखावर, पात्यांच्या वरून मारा करणारी. दोन्हींच्या गोळ्या एकाच भोकातून निघताना दाखवणारे महाभागही भेटलेत. लुईसचा ९७ गोळ्यांचा ड्रम संपला की वैमानिक ती वाकड्या रुळावरून खाली ओढून नवा ड्रम बसवायचा, तेही विमान उडवता उडवता. हा क्षण कोणी रंगवलेला मला दिसलेला नाही. धुराचे लोळ मात्र प्रत्येकाला काढायचे असतात.