रंगीत स्लाइडवरून रेखीव प्रिंट कसा मिळवावा

स्लाइडवरून, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक रंगीत फिल्मवरून, थेट कागदावर प्रिंट काढायचा सिबाक्रोम हा कागद आता बनत नाही. त्यामुळे आधी डिजिटल प्रत करायची आणि मग ती लॅबमधून छापून घ्यायची. प्रिंट मऊ आला की बोल लॅबला लागतो, पण रेखीवपणा बहुतेक वेळा प्रत करतानाच गेलेला असतो.

सुरुवात निवडीपासून करा. स्लाइड उजेडावर धरून 10 पट भिंगातून पापण्या, पाटीवरची अक्षरं, साडीचे काठ तपासा. तिथेच धूसर असेल तर 4×6 इंचांहून मोठा प्रिंट काढू नका. पुढच्या कुठल्याही पायरीवर ती कसर भरून निघत नाही.

मग सफाई. आधी रबरी ब्लोअर, नंतर मऊ ब्रश. बोटांचे तेलकट डाग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने, तकतकीत बाजूवरच हलके टिपा. पाणी अजिबात नको. आपल्या पावसाळी हवेत जुन्या स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती फिल्मवरचं चित्र धरून ठेवणारं जिलेटिन खाते आणि असं जिलेटिन पाण्यात विरघळून चित्रच वाहून जातं. काचेच्या माउंटमधली (चौकटीतली) स्लाइड बाहेर काढा, नाहीतर प्रतीत इंद्रधनुषी वलयं उमटतात.

आता थोडं गणित. 35 मिमी स्लाइडवरचं चित्र 24×36 मिमी असतं. 8×12 इंची प्रिंट 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापायला 2400×3600 पिक्सेल लागतात, म्हणजे प्रत करताना किमान 2540 डीपीआय खरं रेझोल्यूशन हवं. 12×18 साठी 3810. ‘खरं’ यासाठी, की 6400 डीपीआय लिहिलेला घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील देत नाही. मोठ्या प्रिंटसाठी फिल्म स्कॅनर किंवा मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सचा कॅमेरा घ्या. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई कोडाक्रोम स्लाइडला मात्र बंद ठेवा. त्या फिल्ममधून इन्फ्रारेड नीट आरपार जात नाही, त्यामुळे ही सफाई चित्राच्या कडांनाच धूळ समजून पुसते.

कॅमेऱ्याने करायचं तर 95 हून जास्त सीआरआयचा (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) एलईडी पॅनेल घ्या. त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्याच्या तीन-चार सेंटिमीटर वर स्लाइड ठेवा, म्हणजे अ‍ॅक्रिलिकवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. स्लाइडभोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाका. कॅमेरा स्लाइडला समांतर आहे का, हे तपासायला स्लाइडच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत स्टँड जुळवा. यात कंटाळा केला की एक कोपरा हमखास मऊ येतो.

आयएसओ 100, छिद्र एफ 8. एफ 16 वर जाऊ नका: फुलफ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एकास एक मोठेपणाला, म्हणजे सेन्सरवर स्लाइडएवढीच प्रतिमा पडते तेव्हा, एफ 8 च एफ 16 सारखं वागतं, त्याहून बारीक छिद्राने विवर्तन (छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) वाढून सगळंच मऊ होतं. लाइव्ह व्ह्यू 10 पट मोठा करून फिल्मच्या दाण्यावर फोकस करा. फिल्म मध्यभागी फुगलेली असते, म्हणून फोकस केंद्र आणि कोपरा यांच्या मधोमध घ्या. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), दोन सेकंदांच्या टायमरने टिपा. एक्स्पोजर सर्वांत उजळ भागाप्रमाणे ठरवा. पांढरा जळला तर परत येत नाही.

संगणकावर रंग आणि डाग नीट करून झाले की प्रिंटचा आकार पक्का करा आणि शार्पनिंग (कडा उठावदार करणं) त्यानंतरच: 100 ते 150 टक्के, त्रिज्या 1, थ्रेशोल्ड 3. कडांभोवती पांढरी रेघ दिसू लागली की जास्त झालं.

लॅबला एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीतली, सर्वोच्च दर्जाची जेपेग पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपने फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. ‘ऑटो करेक्शन बंद, क्रॉप नको’ असं काउंटरवर स्पष्ट सांगा. 4×6, 8×12 आणि 12×18 मध्ये पूर्ण चित्र बसतं, 5×7 आणि 8×10 मध्ये कडा कापल्या जातात.

मोठी ऑर्डर देण्याआधी 8×12 च्या फाइलमधून 1200×1800 पिक्सेलचा, चेहऱ्याचा किंवा बारीक नक्षीचा तुकडा कापून 4×6 वर छापून घ्या. मोठ्या प्रिंटचा नेमका पोत त्यात दिसतो. तुकडा गडद आला तर स्क्रीनचा उजेड कमी करा, मधल्या छटा थोड्या उचला आणि दुसरा तुकडा काढून बघा.