कम्पॅरेटरमध्ये वजाबाकी? या चुका टाळा

दोन आकड्यांत मोठा कोणता हे सांगायला अक्कल कशाला लागते, असं म्हणत नवीन पोरं कम्पॅरेटर दोन मिनिटांत उरकतात. (कम्पॅरेटर म्हणजे यादी क्रमाने लावताना, म्हणजे सॉर्ट करताना, दोन नोंदींची तुलना करणारं फंक्शन: पहिली लहान तर उणे, सारख्या तर शून्य, मोठी तर अधिक आकडा परत करायचा.) निस्तरायला मात्र मी.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याचं खरेदीचं सॉफ्टवेअर आम्ही जावात केलं होतं. किलोचा भाव डबलमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या प्रकारात. (पैसे डबलमध्ये ठेवावेत का, हे वेगळं भांडण.) आमच्यातल्या एकाने भावांची वजाबाकी करून ती इंटमध्ये कास्ट केली, म्हणजे दशांश उडवून पूर्णांक केला. आता बघा, ४२.१० आणि ४२.८० यांत ७० पैशांचा फरक, कास्ट केला की शून्य. म्हणजे दोन्ही सारखे. ४२.८० आणि ४३.४० हेही सारखे. पण ४२.१० आणि ४३.४० वेगळे! डिसेंबरात वीस नोंदींवर तपासलं, सगळं सुरळीत. फेब्रुवारीत हंगाम भरात आला, दिवसाला दीड-दोनशे नोंदी, आणि ऐन संध्याकाळी हिशेबाच्या वेळी रिपोर्ट आडवा: 'कम्पॅरिजन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे कम्पॅरेटरची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. तेही रोज नाही, अधूनमधून. ३२ पेक्षा कमी नोंदी असल्या की जावाचं सॉर्ट ही तक्रार करतच नाही, हे मला त्या रात्री नाशिकला परतल्यावर सोर्स उघडून कळलं. एरर न आलेल्या दिवशी यादी चुकीच्या क्रमाने छापली जात होती, ते तर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दुरुस्ती एका ओळीची: डबल.कंपेअर.

इंट असला तरी वजाबाकी नकोच. २ अब्जातून उणे २ अब्ज वजा केले तर उत्तर ४ अब्ज. ते ३२ बिटांत मावत नाही आणि हाती येतं -२९४९६७२९६. मोठा आकडा लहान ठरला. 'आमच्याकडे एवढे मोठे आकडे येत नाहीत' हे मला ऐकवू नका. जावा ७ पासून इंटिजर.कंपेअर आहे. सी मध्ये मी (अ > ब) - (अ < ब) लिहितो.

सी च्या क्यूसॉर्ट या सॉर्ट फंक्शनला नुसतं अ > ब परत करू नका. 'लहान' हे उत्तर त्यातून कधीच निघत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये कम्पॅरेटर न देता सॉर्ट केलं तर १० हा ९ च्या आधी येतो.

जावात इंटिजर ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) तपासलेत, तर १२७ पर्यंत चालेल, १२८ ला बहुधा फसाल.

माझी सवय म्हणाल तर कम्पॅरेटर लिहिला की सर्वांत लहान इंट, शून्य आणि सर्वांत मोठा इंट एकमेकांशी उलटसुलट लावून बघतो. डबल असेल तर नॅनही ('हा आकडाच नाही' असं सांगणारं मूल्य) घालतो. चहा यायच्या आत होतं.